सिलिंडरच्या भिंतीवरचा केसाएवढा लेप : इंजिनाच्या झिजेचा इतिहास

१/
१९९०च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये बीएमडब्ल्यूच्या व्ही-८ गाड्यांचे मालक एक चमत्कारिक तक्रार घेऊन येऊ लागले. गाडी जेमतेम दोन-तीन वर्षांची, ऑइल वेळच्या वेळी बदललेले, चालवणाराही सभ्य. तरी सिग्नलला उभी राहिली की इंजिन थरथरते, सकाळी सुरू व्हायला कुरकुर करते. सिलिंडरात हवा भरून पाहिली तर दाब टिकत नाही. इंजिन उघडले तेव्हा कारण दिसले : सिलिंडरच्या भिंतीवरचा लेप वरच्या बाजूने खाल्ला गेला होता.

२/
या लेपाचे नाव निकासिल. जाडी माणसाच्या केसाएवढी. शर्यतीच्या मैदानावर तावून सुलाखून निघालेला आणि बिडाच्या भिंतीपेक्षा कितीतरी कठीण. इंजिन पुन्हा बोअर करण्याची वेळच येऊ नये, म्हणून तर तो दिला होता. मग तो गेला कशाने? याचे उत्तर साठ वर्षे आधी, १९३०च्या दशकात, ब्रिटनमध्येच लिहून ठेवलेले होते. आजचा धागा या भिंतीविषयी आहे. थोडा लांब आहे, चहा घेऊन बसावे.

३/
आधी त्या भिंतीवर काय घडते ते पाहू. पिस्टनच्या खाचांत बसलेल्या रिंगा भिंतीवर दाबून धरलेल्या असतात आणि दोहोंच्या मध्ये ऑइलचा अतिशय पातळ थर असतो. पिस्टन वेगात असताना रिंग या थरावर तरंगत जाते. पण वरच्या टोकाला पिस्टन क्षणभर थांबतो आणि उलटा फिरतो. वेग शून्य झाला की तरंगणे संपते. नेमक्या त्याच जागी ज्वलनाचा दाब रिंगेच्या पाठीमागे शिरून तिला भिंतीवर रेटतो, आणि उष्णतेने ऑइलही पातळ झालेले असते. मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या इंजिनात रिंग सेकंदाला १०० वेळा अशी थांबते : ५० वेळा वर, ५० वेळा खाली.

४/
म्हणून सिलिंडर सारखा झिजत नाही. वर जास्त झिजतो, खाली कमी. सरळ नळकांडे हळूहळू किंचित फनेलसारखे होते. वरची रिंग जिथवर पोचते त्याच्या वर न झिजलेल्या धातूचा एक ओठ उरतो. जुने मिस्त्री हेड उतरवल्याबरोबर नखाने तो ओठ चाचपत आणि इंजिनाचे वय सांगत.

५/
आता एक साधे गणित. बोअरचा व्यास ०.१ मिलिमीटरने वाढला, तर रिंगेच्या दोन टोकांमधली फट ०.३१ मिलिमीटरने रुंदावते, कारण परीघ व्यासाच्या ३.१४ पट असतो. म्हणजे झीज डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी फट मोठी झालेली असते. तिच्यातून जळलेला वायू खाली उतरतो, ऑइल वर चढते, सायलेन्सरमधून निळा धूर येतो. 'गाडी ऑइल खायला लागली' असे आपण म्हणतो ते हेच. इंजिन कधी उतरवायचे, हे बहुतेक वेळा ही भिंतच ठरवत आली आहे.

६/
पहिली अनेक दशके ही भिंत बिडाची होती, आणि बीड हा या कामासाठी फार गुणी धातू आहे. त्याच्या पोटात ग्रॅफाइटच्या पापुद्र्या असतात. ग्रॅफाइट स्वतःच वंगण, आणि पापुद्री निखळली की उरलेल्या खाचेत ऑइल साठते. शिवाय होनिंग करताना भिंतीवर तिरप्या रेघांची जाळी मुद्दाम कोरली जाते, तीही ऑइल धरण्यासाठीच. आरशासारखी गुळगुळीत भिंत उत्तम असेल अशी कल्पना सहज होते. पण तिच्यावर ऑइल ठरत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे तो पुन्हा पुन्हा येणार आहे.

७/
बिडाचा दुसरा गुण म्हणजे जाडी. झिजली तर तासायला धातू शिल्लक असतो. ०.२५, मग ०.५०, मग ०.७५, शेवटी १.०० मिलिमीटर असे टप्प्याटप्प्याने बोअर वाढवत न्यायचे आणि त्या मापाचा ओव्हरसाइज पिस्टन बसवायचा. ज्यांनी यामाहा आरएक्स १०० वापरली आहे त्यांना हे आकडे तोंडपाठ असतात. आमच्या घरच्या गाडीचे बोअर तीनदा झाले होते. चौथ्या वेळी बोअरिंगवाल्याने आत बोट फिरवून पाहिले, मान हलवली आणि नवी स्लीव्ह ठोकून दिली. गाडी पुन्हा शून्यापासून सुरू. कुठल्याही तालुक्याच्या गावी एक लेथ आणि एक बोअरिंग मशीन असले की इंजिनाला चार-पाच जन्म मिळत.

८/
हे झाले दुचाकीचे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात युरोप-अमेरिकेतल्या मोटारींची कहाणी याहून बिकट होती. काही दशसहस्र मैल झाले की रिबोअर ठरलेलेच. झीज म्हणजे घर्षण आणि धूळ, असे बहुतेकांना वाटे. उपायही त्याच दिशेचे : भिंत अधिक कठीण करा, हवा गाळून घ्या. धुळीचा दोष खराच होता. पण सगळा हिशेब त्यात बसत नव्हता. लांबच्या प्रवासाला जाणाऱ्या गाड्या मैलामागे कमी झिजत, आणि शहरात दोन-दोन मैलांच्या खेपा घालणाऱ्या जास्त. घर्षण हेच कारण असेल तर हे असे का व्हावे?

९/
ब्रिटनमधील 'इन्स्टिट्यूशन ऑफ ऑटोमोबाइल इंजिनिअर्स' या संस्थेच्या संशोधन विभागात सी. जी. विल्यम्स यांनी १९३०च्या दशकात याचा छडा लावला. त्यांनी सिलिंडरच्या भिंतीचे तापमान बदलत ठेवून झीज मोजली. भिंत पुरेशी गरम असेल तोवर झीज अल्प राही. तापमान एका मर्यादेखाली गेले की ती एकदम कित्येक पटींनी वाढे. गार भिंतीवर घर्षण वाढले म्हणून नव्हे. गार भिंतीवर दव पडत होते म्हणून.

१०/
हे दव येते कुठून? पेट्रोलमधल्या हायड्रोजनाचे ज्वलनात पाणी होते. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते. एरवी ते वाफ होऊन धुराड्यातून निघून जाते. पण भिंत गार असेल तर ग्लासाच्या बाहेर पाणी धरते तसे ते भिंतीवर धरते. त्यात ज्वलनातले आम्लधर्मी वायू विरघळतात. आम्ल लोखंडाला खाते, गंजाचा सूक्ष्म थर येतो, पुढच्या फेरीत रिंग तो खरवडून नेते आणि खाली नवे लोखंड उघडे पडते. पुन्हा आम्ल, पुन्हा रिंग. झीज ही घासण्याइतकीच गंजण्याची गोष्ट आहे, असा विल्यम्स यांच्या कामाचा अर्थ होता. हे संशोधन पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्धही झाले.

११/
या शोधाचे फळ आपण आजही वापरतो. इंजिन लवकर गरम व्हावे म्हणून थर्मोस्टॅट, आणि आम्ल मारण्यासाठी ऑइलमध्येच मिसळलेली अल्कधर्मी द्रव्ये. भिंतीलाच गंजरोधक मुलामा द्यावा, ही तिसरी वाट. त्या वाटेवर तोवर एक धातू येऊन उभा होता : क्रोमियम.

१२/
न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंक यांनी १९२०च्या दशकात क्रोमियमचा मुलामा देण्याची व्यवहार्य रीत बसवली. सायकलच्या हँडलवर आणि नळाच्या तोटीवर चमकते तेच हे क्रोम. पण जाड थरात दिले की ते अत्यंत कठीण असते, गंजत नाही, आम्लालाही सहज दाद देत नाही. सिलिंडरसाठी याहून चांगले काय? अडचण एकच, आणि ती वर सांगून ठेवलेलीच : गुळगुळीत क्रोमवर ऑइल पसरत नाही. कमळाच्या पानावरच्या पाण्यासारखे ते गोळा होते आणि रिंग कोरडी घासते.

१३/
यावरचा तोडगा हेंड्रिक फान डेर होर्स्ट या डच अभियंत्याने काढला, आणि तो मला या सबंध इतिहासातला सर्वांत देखणा वाटतो. क्रोमच्या थरात मुळातच डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म भेगांचे जाळे असते. मुलामा पूर्ण झाल्यावर फान डेर होर्स्ट यांनी विजेचा प्रवाह उलटा केला. आता क्रोम बसण्याऐवजी विरघळू लागले, आणि ते आधी त्या भेगांच्या काठांवरून विरघळले. भेगा रुंदावून खोलगट पाट झाले. या पाटांत ऑइल साठू लागले. आधी दोष वाटणाऱ्या भेगा अशा कामी लागल्या. १९३०च्या दशकातच त्यांनी याचे पेटंट घेतले आणि पुढे अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या ओलियन या गावी, याचा कारखाना उभा राहिला.

१४/
दुसऱ्या महायुद्धात या सच्छिद्र क्रोमला खरी मागणी आली. कारण टिकाऊपणा हे होतेच. पण झिजून मोठा झालेला सिलिंडर क्रोमचा थर चढवून पुन्हा मूळ मापावर आणता येई, हे त्याहून महत्त्वाचे. बोअरिंगमध्ये धातू काढावा लागतो, इथे तो परत घालता येत होता. भंगारात जाणारे विमानांचे सिलिंडर असे पुन्हा कामावर रुजू झाले. लेप हे आयुष्य वाढवण्याचे साधन आहे तसेच दुरुस्तीचेही आहे, ही जाणीव इथली. पुढे मोटारींच्या कारखानदारीत ती बराच काळ हरवली.

१५/
लहान विमानांच्या दुनियेत ही क्रोमची परंपरा दीर्घकाळ टिकली. सिलिंडरच्या बाहेरच्या रंगावरून आतली भिंत ओळखण्याची रीतच पडली : नारिंगी पट्टा असेल तर क्रोम, निळा असेल तर नायट्राइड करून कठीण केलेले पोलाद. हा पट्टा पाहिल्याशिवाय रिंगा बसवायच्या नाहीत. क्रोमच्या भिंतीवर क्रोमच्या रिंगा घातल्या तर दोन्ही एकमेकींना खातात. तिथे बिडाच्याच रिंगा हव्यात.

१६/
इंजिन किती काळाने उघडायचे हा प्रश्न विमानात मिस्त्रीच्या अंदाजावर सोडत नाहीत. लायकॉमिंगच्या अनेक चार-सिलिंडरी इंजिनांसाठी कंपनीने सांगितलेली मुदत २००० तास आहे. पण त्याच सूचनेत आणखी एक मुदत आहे : १२ वर्षे. तास भरले नसले, विमान हँगरात नुसते उभे असले, तरी १२ वर्षांनी इंजिन उघडावे असे कंपनी सुचवते. उभे इंजिन घासत नाही, गंजते मात्र. विल्यम्स यांचा निष्कर्षच जणू या दुसऱ्या आकड्यात उतरला आहे. उभ्या विमानात क्रोमची भिंत पोलादापेक्षा चांगली राहते. तिचा तोटा सुरुवातीला जाणवतो : रिंगा बसायला फार वेळ लागतो आणि तोवर इंजिन ऑइल पीत राहते.

१७/
हे सारे परदेशातले, असे कोणाला वाटेल. पण क्रोमच्या भिंती आपल्या घाटातूनही खूप धावल्या आहेत. १९६२ साली अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून आलेली आणि १९६४ पासून वाराणसीत बनू लागलेली डब्ल्यूडीएम-२ इंजिने कितीतरी वर्षे भारतीय रेल्वेचा कणा होती. २६०० अश्वशक्ती, १६ सिलिंडर, आणि त्यांत क्रोमचा मुलामा दिलेले लायनर. पुण्याच्या घोरपडी शेडमध्ये आणि कल्याणला ज्यांनी नोकरी केली त्यांनी हे लायनर हाताळलेले आहेत.

१८/
मग क्रोमचे राज्य संपले का? एक कारण मुलामा देणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसांत आहे. हौदातले षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. युरोपीय संघात सप्टेंबर २०१७ पासून खास परवानगीशिवाय ते वापरता येत नाही. पण त्याच्याही आधी क्रोमला एक प्रतिस्पर्धी मिळाला होता, आणि तो जन्मला एका अपयशी इंजिनाच्या पोटी.

१९/
१९५० आणि ६०च्या दशकांत इंजिने हलकी करण्याची चढाओढ लागली होती. ॲल्युमिनियम हलके, उष्णताही चटकन वाहून नेणारे, पण मऊ. त्यावर थेट रिंग घासली तर भिंत ओरबाडून निघते. म्हणून आत बिडाची स्लीव्ह घालत. मग वजनाचा फायदा अर्धा जाई आणि दोन धातू वेगवेगळे प्रसरण पावत, ते वेगळेच. अशा वेळी फेलिक्स वांकेल यांचे फिरते इंजिन आले. पिस्टनऐवजी तिकोनी रोटर, आणि त्याच्या तीन टोकांवरच्या पट्ट्या आतल्या भिंतीवर सतत घासत जाणाऱ्या.

२०/
या पट्ट्यांनी भिंतीचे हाल केले. त्या कंप पावत आणि भिंतीवर ओळीने आडव्या खुणा उमटत. जपानमध्ये माझ्दाच्या अभियंत्यांनी त्यांना 'सैतानाच्या नखांचे ओरखडे' असे नाव दिले होते. केनिची यामामोतो यांच्या चमूने पट्टीची घडण आणि तिचे साहित्य बदलून, क्रोमच्या भिंतीवर कार्बन-ॲल्युमिनियमची पट्टी फिरवून हा प्रश्न आटोक्यात आणला. जर्मनीत एनएसयूने १९६७ साली आणलेली आरओ ८० ही देखणी गाडी युरोपातली वर्षाची सर्वोत्तम गाडी ठरली, आणि तिची इंजिने कंपनीला हमीपोटी इतक्या संख्येने बदलून द्यावी लागली की १९६९ साली एनएसयूचे स्वतंत्र अस्तित्वच संपले. समोरून दुसरी आरओ ८० आली की आपले इंजिन कितव्यांदा बदलले ते चालक बोटे वर करून सांगत, असा किस्सा तेव्हापासून सांगतात.

२१/
वांकेल इंजिनाच्या या भिंतीसाठीच माले या जर्मन कंपनीने १९६७ साली निकासिल पुढे आणला. निकेलच्या मुलाम्याच्या हौदातच सिलिकॉन कार्बाइडची अतिसूक्ष्म पूड तरंगत ठेवायची. निकेल भिंतीवर बसताना हे कण आपल्यात गुंफून घेते. फरसबंदीसारखी रचना : दगड कार्बाइडचे, चुना निकेलचा. कठीणपणा कणांचा, चिवटपणा निकेलचा. आणि निकेलवर ऑइल चांगले पसरते, त्यामुळे क्रोमचा मूळ दोष इथे नाही. होनिंग करायला मात्र हिऱ्याचे दगड लागतात.

२२/
पोर्शेने हा लेप ९१७ या शर्यतीच्या गाडीत वापरला आणि मग १९७३ च्या ९११ कॅरेरा आरएसमध्ये. त्या गाडीत त्याचा उपयोग पाहण्यासारखा आहे. स्लीव्हची जाडी वाचल्यामुळे तेवढ्याच जागेत बोअर ८४ वरून ९० मिलिमीटर करता आला, आणि इंजिन २.४ चे २.७ लिटर झाले. दुचाक्यांत तर लेपाने दुरुस्तीचा क्रमच बदलला. मोटोक्रॉसच्या दोन-स्ट्रोक गाडीत काही डझन तासांनी पिस्टन बदलावा लागतो, पण लेप शाबूत असेल तर सिलिंडर तसाच राहतो. एकाच भिंतीवर एकामागून एक पिस्टन झिजून जातात.

२३/
याच सुमारास अमेरिकेत जनरल मोटर्सने लेपाशिवायच वाट काढायचे ठरवले. १९७१ च्या शेव्हरोले व्हेगाचा ब्लॉक सुमारे १७ टक्के सिलिकॉन असलेल्या ॲल्युमिनियमचा होता. बोअर केल्यावर भिंतीवरचे ॲल्युमिनियम किंचित विरघळवून काढायचे, म्हणजे सिलिकॉनचे कठीण स्फटिक वर राहतात आणि मधल्या खोलगट जागेत ऑइल साठते. कल्पना उत्तम. पिस्टनवर लोखंडाचा मुलामा देऊन ॲल्युमिनियमची ॲल्युमिनियमशी गाठ टाळली होती. गाडीला वर्षाची सर्वोत्तम गाडी हा मानही मिळाला.

२४/
आणि मग व्हेगा ऑइल खाऊ लागल्या. बदनामी भिंतीची झाली. प्रत्यक्षात त्या इंजिनात पाणी कमी मावे, थंड करण्याची सोय तुटपुंजी होती, आणि ॲल्युमिनियमच्या ब्लॉकवर बिडाचे जड हेड बसवलेले होते. इंजिन तापले की ब्लॉक वाकडा होई, पाणी गळे, भिंत ओरबाडली जाई. व्हॉल्व्हच्या सीलमधून उतरणाऱ्या ऑइलचाही दोष भिंतीच्याच माथी गेला. कंपनीने १९७६ साली ५ वर्षे किंवा ६०,००० मैलांची हमी दिली, पण नाव गेले ते गेलेच. मिस्त्री या ब्लॉकमध्ये सरळ लोखंडी स्लीव्ह ठोकत. गंमत अशी की १९७७ साली पोर्शेने ९२८ मध्ये याच जातीचा मिश्रधातू वापरला आणि तो उत्तम चालला. भिंत तीच होती, भोवतीचे इंजिन वेगळे होते.

२५/
आता पुन्हा १९९०च्या दशकात येऊ. बीएमडब्ल्यूचे एम६० हे व्ही-८ इंजिन १९९२ साली आले, भिंतीवर निकासिल घेऊन. जर्मनीत गाड्या महामार्गावर तासन्‌तास धावत. तिथून फारशी ओरड नव्हती. अमेरिकेत तेव्हा कॅलिफोर्नियाबाहेरच्या पेट्रोलात गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत सरासरी ३०० च्या आसपास होते. गंधक जळले की त्याचे वायू होतात आणि पाण्यात मिसळले की आम्ल. मुलांना शाळेत सोडायला निघालेली, इंजिन गरम होण्याआधीच थांबणारी गाडी म्हणजे गार भिंत. गार भिंतीवर दव. दवात गंधकाम्ल. कार्बाइडच्या दगडांना त्याने काही होत नाही, पण मधला निकेलचा चुना विरघळतो. चुना गेला की दगड निखळतात.

२६/
सी. जी. विल्यम्स यांच्या प्रयोगाशी हे ताडून पाहावे. गार भिंत, लहान खेपा, आम्लाचे दव, वरच्या टोकाशी झीज. एकही दुवा नवा नाही. निकासिलची परीक्षा शर्यतीत झाली होती, आणि शर्यतीत भिंत कधी गार नसते, इंधनही निवडक असते. लेप कठीण आहे का, हे सर्वांनी पाहिले. त्याला काय पाजले जाणार आहे आणि गाडी रोज किती लांब जाणार आहे, हे पुरेसे कोणी पाहिले नाही. माझ्या मते चूक लेपाची नव्हती, परीक्षेची होती.

२७/
बीएमडब्ल्यूने अमेरिकेत हमी ६ वर्षे किंवा १,००,००० मैलांपर्यंत वाढवली आणि सदोष ब्लॉक बदलून सिलिकॉनयुक्त ॲल्युमिनियमचे दिले. सहा सिलिंडरांच्या एम५२ इंजिनाचा ब्लॉक युरोपात निकासिल लावलेल्या ॲल्युमिनियमचा होता, पण अमेरिकेसाठी कंपनीने तेच इंजिन चक्क बिडाच्या ब्लॉकमध्ये ओतले. जग्वारच्या व्ही-८ इंजिनालाही हीच व्याधी जडली. २००० सालच्या ऑगस्टपासून त्यांनी निकासिल सोडून बिडाचे लायनर घातले. जुन्या जग्वार घेणारे आजही ही तारीख विचारून घेतात.

२८/
शेवटी औषध कारखान्यातून आले नाही, तेलशुद्धीकरण प्रकल्पातून आले. अमेरिकेत २००४ ते २००६ च्या दरम्यान पेट्रोलातील गंधक सरासरी ३० भागांवर आणले गेले. युरोपात ही मर्यादा २००५ मध्ये ५० आणि २००९ मध्ये १० झाली. भारतात १ एप्रिल २०२० रोजी बीएस-६ लागू झाले आणि मर्यादा ५० वरून १० वर आली. हे सारे झाले ते हवेच्या शुद्धतेसाठी. निकासिलच्या भिंती त्यात आपोआप सुरक्षित झाल्या.

२९/
आपल्याकडे बिडाखेरीजच्या भिंती सामान्य ग्राहकापर्यंत दुचाकीतून पोचल्या. २००८ ची यामाहा आर१५ 'डायासिल' सिलिंडर घेऊन आली. तो सुमारे २० टक्के सिलिकॉनच्या ॲल्युमिनियमचा; त्यात लेपही नाही आणि बिडाची स्लीव्हही नाही. २०१२ साली पुण्याजवळच्या चाकणमध्ये बनू लागलेल्या केटीएम ड्यूक २०० मध्ये निकासिल होता. या भिंती दीर्घकाळ टिकतात. पण आत धूळ गेली किंवा ऑइल संपून पिस्टन धरला, तर तासायला खाली जाड धातू नाही. ओव्हरसाइज पिस्टन मिळत नाही. सिलिंडर आणि पिस्टन जोडीने नवे घ्यायचे. दोन उघडण्यांमधले अंतर वाढले, पण दर उघडण्याची किंमतही वाढली, आणि तालुक्याच्या गावचा बोअरिंगवाला या हिशेबातून बाहेर पडला.

३०/
मोटारींत सध्या चलती आहे ती फवारलेल्या लोखंडी लेपाची. विजेच्या ठिणगीत लोखंडी तार वितळवायची आणि तिचे थेंब ॲल्युमिनियमच्या भिंतीवर फवारायचे. मर्सिडीजच्या एएमजी इंजिनांत हा प्रकार २००६ पासून, निसानच्या जीटी-आरमध्ये २००७ पासून, फोर्डच्या शेल्बी जीटी५०० मध्ये २०११ च्या मॉडेलपासून आला. थेंब एकावर एक बसताना मध्ये सूक्ष्म पोकळ्या राहतात. वरून भिंत आरशासारखी घासली तरी या पोकळ्यांत ऑइल राहते. फान डेर होर्स्ट यांचे पाट, विल्यम्स यांच्या काळचे लोखंड, आणि दोन्ही केसाच्या दोन-तीन पट जाडीत.

३१/
फोर्डने याच फवाऱ्याचा आणखी एक उपयोग केला. झिजलेल्या, एरवी भंगारात गेल्या असत्या अशा ब्लॉकच्या भिंती स्वच्छ करून त्यांवर नवा लोखंडी थर चढवायचा आणि मूळ मापावर होन करून ते पुन्हा वापरात आणायचे. पिस्टन मूळ मापाचा, ओव्हरसाइज नाही. ओलियनच्या कारखान्यात विमानांचे सिलिंडर जसे परत उभे राहत, तसेच हे. हे यंत्र अजून मोठ्या कारखान्यांतच आहे. बोअरिंगच्या दुकानात मावेल एवढे लहान आणि परवडेल एवढे स्वस्त ते झालेले नाही.